तीन दिवस साधं पीठ

आमच्या गल्लीत मिरची आली की कॅलेंडर बघावं लागत नाही. मार्चच्या मध्यावर दुकानांपुढं ताडपत्र्या पसरतात, त्यांवर बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी असे ढीग पडतात आणि मसाला कुटायची यंत्रं सकाळी जी धडधडायला लागतात ती दिवेलागणीपर्यंत. बायका भाजलेल्या धण्या-मिरचीच्या पिशव्या मांडीवर घेऊन नंबर लावून बसतात. अर्धी मुंबई वर्षाचा मसाला करायला लालबागला येते. मसाला त्या घरी नेतात, धूळ आमच्याकडे राहते. ती तिसऱ्या मजल्यापर्यंत चढते, खिडकीच्या गजांवर बसते, वाळत घातलेल्या चादरींवर बसते. दोन महिने सगळी चाळ शिंकत असते आणि कोणी कोणाला काय झालं म्हणून विचारत नाही.

यंदाही विचारत नाहीत. मी मात्र खिडकीला ओली चादर लावली आहे, आणि घरात शिंक ऐकू आली की हातातलं काम ठेवून कोण शिंकलं ते बघून येते. ही सवय गेल्या वर्षी लागली.

गेल्या वर्षी आमच्याकडे दोन उंदीर होते. पाळलेले. माझी मुलगी समता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजच्या एका प्रोजेक्टसाठी सहा महिने घरी राहायला आली होती. एका संध्याकाळी दादरच्या मैत्रिणीकडून परत आली ती बुटांचा खोका छातीशी धरूनच. झाकणाला भोकं पाडलेली. आत दोन पिल्लं, दोन्ही माद्या. एक पांढरी शुभ्र, दुसरीच्या डोक्या-खांद्यावर करडी टोपी ओढल्यासारखी. नावं तिनं येता येताच ठरवली होती. पांढरी ती खसखस, करडी ती दगडफूल.

"एक परत दे," मी म्हणाले.

"आई, उंदीर एकटा ठेवायचा नसतो. झुरतो."

"मग दोन्ही दे."

दिली नाहीत. मी एका रुग्णालयात वॉर्ड सिस्टर आहे. दिवसभर लोकांना नाही म्हणणं हे माझं कामच आहे, पण घरी ते तितकंसं चालत नाही.

खरी पंचाईत तात्यांची होती. तात्या म्हणजे माझे सासरे. समताचे वडील गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. तात्यांनी सगळी नोकरी पालिकेत उंदीर मारण्यात काढली. गोदामं, मंडया, गटारांच्या कडेच्या भिंती. बिळं शोधायची, विष घालायचं, दुसऱ्या दिवशी मेलेले गोळा करून, मोजून जमा करायचे. त्या पगारावर ह्या घरानं दोन पोरं शिकवली. त्यात लाज वाटण्यासारखं त्यांना कधी काही वाटलं नाही आणि मलाही नाही. आता त्याच घरात नात पिंजऱ्यासमोर मांडी घालून उंदराला काकडी भरवत होती.

"तात्या, जवळ येऊन बघा तरी," समता म्हणायची.

"बघितलेत गो बाय. तू बघशील त्याहून जास्त बघितलेत."

पलीकडच्या परब वहिनी मालवणच्या. त्या दारात उभ्या राहून मला विचारायच्या, "आमच्या उंदरांनी काय घोडो मारल्यानी गो तुजो? त्यांका सापळो नि ह्यांका पपई?" मग गणपतीच्या वाहनाचं काहीतरी बोलायच्या. आमचं घर बौद्ध. मी म्हणायची, वहिनी, वाहन असेल तर लायसन दाखवा. त्या हसायच्या आणि जाता जाता पिंजऱ्यापाशी वाकून दोन मिनिटं बसायच्याच.

उंदीर पाळणं हे फार अवघड काम नाही, फार नियमाचं आहे. पिंजऱ्यात खाली अंथरलेल्या कपड्याच्या घड्या दिवसाआड बदलायच्या. माझे दोन जुने गाऊन त्यात कापले गेले. लाकडाचा भुसा घालायचा नाही, त्यानं छाती बिघडते. खायला भाकरीचा तुकडा, भिजवलेले चणे, नाचणी, वाटाणे, पपई, आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याचा कोपरा. फरसाण नाही, तळलेलं नाही. चिवड्याच्या दुकानांशेजारी राहून हे पाळणं उंदरांपेक्षा मला जड गेलं.

समता त्यांना शिकवायची. डब्याच्या झाकणावर नखानं दोनदा टिकटिक, आली की एक चणा. खसखस दोन दिवसांत शिकली. पलंगाखाली, कपाटामागे, कुठंही असो, टिकटिक झाली की पांढरी रेघ सरळ समताच्या मांडीवर. पुढं ती हातावरून खांद्यावर चढायला शिकली, गोल फिरायला शिकली. दगडफूल शिकत नव्हती असं नाही. ती लांबून बघायची, भिंतीकडेनं यायची, हाताच्या वीतभर अलीकडे थांबायची आणि चणा तिथं ठेवला तर घेऊन जायची. हात तिला मान्य नव्हता. समतानं आपला वापरलेला टी-शर्ट पिंजऱ्यात ठेवला, वासाची सवय व्हावी म्हणून. पिंजऱ्याशी बसून ती अभ्यास मोठ्यानं वाचायची. दीड महिन्यानं एका दुपारी दगडफूल आपणहून तिच्या तळहातावर येऊन बसली. समतानं मला हाक मारली ती कुजबुजत.

मी गेले तर दगडफूलचे डोळे आत-बाहेर थरथरत होते आणि दात करकर वाजत होते. फिट आलेले पुष्कळ पेशंट बघितलेत मी. सवयीनं मनगट वळवून घड्याळातले सेकंद मोजायला लागले.

"आई, काय करतेस? ती खूश आहे!"

खूश झाल्यावर असं दिसणारा प्राणी मी त्याआधी पाहिला नव्हता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात समता परीक्षेसाठी परत हॉस्टेलला गेली. तिथं उंदीर चालत नाहीत. जाताना तिनं मला लिहून दिलं नाही, समजावलं नाही, एवढंच म्हणाली, "मी येईपर्यंत दोघी राहू देत. बाकी काही नको." आणि मी म्हणाले, राहतील.

दगडफूलच्या शिंका समता असतानाच सुरू झाल्या होत्या. आम्ही दोघींनीही ते मिरचीवर ढकललं. तात्या शिंकत होते, मी शिंकत होते, परब वहिनींच्या शिंका भिंतीपलीकडून ऐकू येत होत्या. समता गेल्यावर दगडफूलच्या नाकाशी आणि डोळ्याच्या कडेला लालसर भुकटी दिसायला लागली. मी म्हटलं, बघा, आत मिरची येते. खिडकी पुसली, पिंजरा आतल्या भिंतीला सरकवला, ओल्या बोळ्यानं तिचं नाक पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. पुन्हा पुसलं. दुसऱ्या कुठल्या गल्लीत मी राहत असते तर पहिल्याच दिवशी हे काय म्हणून घाबरले असते. इथं लाल धूळ ही रोजचीच.

चौथ्या सकाळी ड्युटीला निघताना पिंजऱ्याजवळून गेले आणि श्वासाचा आवाज ऐकू आला. बारीक, ओढून घेतल्यासारखा. वाकून बघितलं तर बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत जात होती. माणसात हे दिसलं असतं तर मी दारातूनच डॉक्टरला हाक मारली असती.

दादरला लहान जनावरं बघणाऱ्या एक डॉक्टर बाई आहेत. त्यांनी दगडफूलला टेबलावर घेतलं, कानाला नळ्या लावल्या आणि विचारलं, "हे लाल किती दिवस आहे?"

"मिरची आहे ती. आमच्याकडे सीझन आहे."

"मिरची नाही ही. आजारी उंदराच्या डोळ्या-नाकातून येतंच असं लाल पाणी, वाळून भुकटी होते."

त्या पुढं म्हणाल्या, छातीतला संसर्ग आहे, ह्याचे जंतू ह्यांच्यात असतातच, धूळ मिळाली की उठतात. औषध तोंडानं, दिवसातून दोनदा, तीन आठवडे. आणि औषध कडू आहे.

"पाजते," मी म्हणाले. "सव्वीस वर्षं हेच करते. धरलं की सोडत नाही."

"धरायचंच नाही. अशा श्वासात धरून पाजलंत तर हातातच जाईल. आपणहून घ्यायला हवं."

"मग इंजेक्शन द्या. घरी मी टोचते."

"हे इंजेक्शन कातडी जाळतं. आज एक देते, परवा एक. त्यापुढं नाही."

घरी येऊन मी केळं कुस्करलं, त्यात औषधाचे थेंब कालवले आणि बोटावर घेऊन पिंजऱ्यात धरलं. केळं तिच्या आवडीचं. ती लांबून आली, हुंगलं, एकदा जीभ लावली. थांबली. मग मागं सरली आणि कापडाचा कोपरा दातांनी ओढत आणून माझ्या बोटावर टाकायला लागली, घाण झाकावी तसा. मी संध्याकाळी साधं केळं दिलं. घेतलं नाही. भाकरी दिली. नाही. चणा पुढं केला, तर माझा हात दिसताच ती पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. खसखसच्या वाटीतलं मात्र खात होती.

तात्या पलंगावरून बघत होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ह्या विषयात तोंड घातलं.

"पहिल्याच दिवशी घातलंस?"

"मग केव्हा घालायचं?"

"आमच्यात नवीन भरती झालेला माणूस हेच करायचा. पहिल्या दिवशीच विष. एखादा खायचा, बाकी सगळे शहाणे व्हायचे. मग त्या गोदामात महिनाभर काही ठेव, शिवत नसत. उंदराला ओकता येत नाही गो. पोटात गेलं ते गेलं. म्हणून तो चाखून बघतो, आणि एकदा फसला की घालणाऱ्यालाही ओळखतो." ते उठून बसले. "तीन दिवस साधं पीठ ठेवायचं. त्याच जागी, त्याच वेळेला. चौथ्या दिवशी घालायचं."

"तात्या, तीन दिवस औषधाशिवाय काढायचे?"

"आज धरून घालशील. उद्या कोण घेणार? तीन आठवडे म्हणाल्या ना त्या?"

दोन इंजेक्शनं होती. त्यांच्यावर ते दिवस निघतील की नाही, हे मला माहीत नव्हतं आणि डॉक्टर बाईंनाही नव्हतं. फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "दुसरा मार्ग असेल तर मला सांगा." मार्ग नव्हता.

"हात तुझा नको," तात्या म्हणाले. "तुझा गेला कामातनं. केळंही नको."

त्यांनी बाजरीचं पीठ मागितलं, गूळ मागितला, शेंगदाण्याचं तेल मागितलं. पीठ मंद भाजून घेतलं, गूळ चुरला, तेलाचा हात लावून बोराएवढ्या गोळ्या वळल्या. मी ओट्याशी उभी होते. काय करतायत ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्यांना. निवृत्तीनंतर त्यांनी हे पीठ कधी मळलं नव्हतं. घरात तर कधीच नाही.

पहिल्या सकाळी बरोबर आठला त्यांनी एक गोळी पिंजऱ्याच्या भिंतीकडेला ठेवली आणि लांब जाऊन पेपर उघडला. पानं उलटली नाहीत. वीस मिनिटांनी दगडफूल भिंतीला घासत आली, गोळी उचलून घरट्यात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ते पिंजऱ्याजवळ स्टूल घेऊन बसले. गोळी घेतली, पण खाल्ली अर्धीच. बरगड्या तशाच ओढत होत्या. मी दुपारी परव्याचं म्हणून ठरलेलं इंजेक्शन देऊन आणलं. परतताना टॅक्सीत तिचं नाक निळसर दिसत होतं. खोक्यावर हात ठेवून मी परळपर्यंत तिचे श्वास मोजत होते, आणि मोजून काय करणार होते ते माहीत नव्हतं.

तिसरा दिवस चौदा एप्रिलचा. खाली पटांगणात सकाळपासून निळे झेंडे, लाउडस्पीकर, पांढऱ्या साड्या. सकाळच्या वंदनेला तात्या सगळ्यांत पुढं असतात, माझ्या लग्नापासून कधी चुकले नाहीत. पांढरा सदरा घालून ते स्टुलावर बसले होते. खालून दोनदा बोलावणं आलं.

"तात्या, तुम्ही जा. गोळी मी ठेवते."

"तुझा हात चालत नाही. आणि आठला पाच कमी आहेत. वेळ चुकली की पहिल्यापासून."

आठ वाजता त्यांनी गोळी बोटांत धरली आणि हात कापू नये म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवलं. खाली वंदना सुरू झाली. दगडफूल आली, वीतभर अलीकडे थांबली. तात्यांनी हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. वंदना अर्धी झाली असेल, तेव्हा तिनं पुढचे दोन पाय त्यांच्या बोटावर ठेवले आणि तिथंच खायला लागली.

चौथ्या दिवशी गोळीत औषध मी मोजून घातलं, गूळ तात्यांनी जास्त घातला. तिनं हुंगलं, थोडं कुरतडलं, थांबली. आम्ही दोघं थांबलो. मग तिनं गोळी दोन्ही पंजांत नीट फिरवली आणि संपवली. बोटही चाटलं.

"झालं," मी म्हणाले.

तात्या हात तसाच धरून बसले होते. "चौथ्या दिवशी कधी थांबायचं नाही आम्ही," ते म्हणाले. "घालून निघायचं. खाताना कधी बघितलं नव्हतं." मग हात काढून घेतला, उठले आणि म्हणाले, "संध्याकाळी आठला परत. तू पीठ भाजून ठेव."

आठवड्यानं लाल भुकटी थांबली. दुसऱ्या आठवड्यात आवाज थांबला. तीन आठवड्यांत तिनं एकही गोळी चुकवली नाही, आणि त्यांनी एकही वेळ.

ह्या सगळ्या काळात समताचा रोज संध्याकाळी फोन येत होता. पेपर कसा गेला हे ती सांगायची आणि मग विचारायची, "दगडफूल कशी आहे?" मी म्हणायची, मजेत. एकदा तिनं फोटो मागितला. तेव्हा दगडफूल कोपऱ्यात अंग फुगवून बसलेली होती. मी मोबाइलमधला मार्चमधला फोटो शोधून पाठवला. त्यात ती वाटाणा खात होती. समतानं त्यावर लाल बदामांची रांग धाडली. त्यात मला काही चूक वाटलं नाही. पेपर चालू आहेत, ती तिथून काय करणार, उगाच डोक्याला ताप. पेशंटच्या नातेवाइकांशी आम्ही थोडंफार असंच बोलतो.

मेच्या मध्यावर समता आली. दगडफूल बरी होती, थोडी उतरलेली. दोघींना खांद्यावर घेऊन ती घरभर फिरली. मग फ्रिज उघडला आणि तिला औषधाची बाटली दिसली. बाटलीवर डॉक्टर बाईंच्या अक्षरात नाव आणि तारीख.

"हे काय आहे?"

मी सगळं सांगितलं. मिरची समजले ते, केळं, इंजेक्शनं, तात्यांचं पीठ. मला वाटलं, ऐकून ती हसेल. निदान तात्यांना मिठी मारेल. तात्यांजवळ ती गेली, त्यांचा हात धरून बसली. मग माझ्याकडे वळली.

"वाटाण्याचा फोटो कधीचा होता?"

"मार्चचा."

"ती मरत होती आणि तू मला मार्चचा फोटो पाठवलास."

"तुझे पेपर होते. आणि वाचली ना ती?"

"वाचली नसती तर? मी येईपर्यंत मार्चचे फोटो पाठवत बसली असतीस?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बोलता आलं असतं. "मी हॉस्टेलवर असताना तात्यांना काही झालं, तुला झालं, तर तू हेच करणार. म्हणजे आता तू मजेत म्हणालीस की मी काय समजायचं, सांग ना."

पहिल्या दिवसाच्या त्या केळ्यानंतर दगडफूलनं माझ्या हातची साधी भाकरीसुद्धा घेतली नव्हती. भाकरीत काही नव्हतं. हातावरचा विश्वास गेला होता.

जूनमध्ये तिला पुण्यात नोकरी लागली. उंदीर इथंच राहिले, तात्यांच्या वेळापत्रकावर. समताचे फोन येत होते, पण दगडफूलची चौकशी ती तात्यांकडे करायची. माझ्याकडे हवापाण्याचं बोलायची. मी ते मनाला लावून घेतलं नाही. रोज सकाळी ड्युटीला जाण्याआधी पिंजऱ्यापाशी जाऊन मी तिला मेसेज करायला लागले. वजन अमुक. आज दोनदा शिंकली. आज उजवा डोळा थोडा लाल. आज काही नाही. फोटो काढायची तो आत्ताचा, चांगला येवो न येवो. सुरुवातीला उत्तरं येत नव्हती. मग एक अंगठा यायला लागला. ऑक्टोबरात एकदा उत्तर आलं, "शिंकांचा व्हिडिओ पाठव." मी शिफ्ट बदलून घेतली आणि पिंजऱ्यासमोर मोबाइल धरून अर्धा तास बसले.

जानेवारीत दगडफूल गेली. उंदरांचं आयुष्यच दोन-अडीच वर्षांचं, तिचं तर सव्वा वर्षच भरलं. सकाळी सात वाजता घरट्यात थंड सापडली. त्या दिवशी समताचं ऑफिसात मोठं प्रेझेंटेशन होतं, दहाला. आठवडाभर ती त्याची तयारी करत होती. हे मला माहीत होतं. संध्याकाळी सांगितलं असतं तर कोणी मला दोष दिला नसता. तात्यांनीही विचारलं, "आत्ता करतेस फोन?"

"आत्ताच."

तिनं उचलला. मी म्हणाले, "दगडफूल गेली. पहाटे कधीतरी. त्रास झालेला दिसत नाही, घरट्यातच होती."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "खसखसला दाखवलीस का?"

"नाही अजून."

"दाखव. तिच्याजवळ ठेव थोडा वेळ. हुंगू दे. नाहीतर दिवसभर शोधत राहील. मी फोनवर आहे. तू कर, मग मला सांग ती काय करते ते."

मी फोन स्पीकरवर ठेवला. दगडफूलला रुमालावर घेऊन पिंजऱ्यात ठेवलं. खसखस आली. नाक हुंगलं, पोट हुंगलं, एका कानाला दोनदा चाटलं. थोडा वेळ तिच्या पाठीवर पंजा टेकवून बसली. मी जे दिसेल ते सांगत गेले आणि पलीकडून समता "हं" म्हणत गेली. मग खसखस वळली, वाटीपाशी गेली आणि एक चणा उचलून खायला लागली.

"खातेय?" समतानं विचारलं.

"खातेय."

"बरं," ती म्हणाली. "मग मीही काहीतरी खाऊन निघते."